शस्त्रक्रिया यशस्वी, मूत्रपिंडाचे काय?

शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही, हे आपल्या समाजात साधारणपणे तीन गोष्टींवरून ठरते. रोगी टेबलावरून जिवंत उतरला, टाके भरून आले आणि बिल कसेबसे भागले, म्हणजे सर्व सुखरूप पार पडले असे घरचे मानतात, रुग्णालय मानते आणि सरकारी दप्तरातही तशीच नोंद होते. त्या दोन-चार दिवसांत रोग्याच्या मूत्रपिंडांवर काय गुदरले, हे विचारण्याची रीत नाही. मूत्रपिंडाला इजा झाली तर ते हृदयासारखे धडधडत नाही, की जखमेसारखे ठणकत नाही. ते गप्प राहते आणि त्याचे मौन सुटते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

हा प्रश्न निव्वळ वैद्यकाचा असता तर तो वैद्यकीय नियतकालिकांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु कोणाचे मूत्रपिंड राखले जाते आणि कोणाचे जाते, हे ठरविण्यात शस्त्रवैद्याच्या कौशल्याइतकाच मजुरीच्या पद्धतीचा, परिचारिकांच्या संख्येचा आणि सरकारी पैसा कोणत्या वाटेने जातो याचा हात असतो. म्हणूनच तो सार्वजनिक प्रश्न आहे. आणि एकीकडे रुग्णालये व दुसरीकडे साखर कारखाने शेजारी शेजारी नांदणाऱ्या सांगली-सातारा जिल्ह्यांत तो फार ठळकपणे समोर येतो.

या भागाला शस्त्रक्रिया नवी नाही. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभारले आणि पुढे अर्धा दक्षिण महाराष्ट्र, उत्तर कर्नाटक व गोवा येथील रोगी रेल्वेने मिरज जंक्शनवर उतरू लागले. १९६२ साली मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. कृष्णाकाठच्या सहकारी साखर कारखानदारीतून पुढे आलेल्या नेतृत्वाने कराडला रुग्णालय आणि १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे केले. आज तालुक्याच्या गावीही भूल देऊन पोट उघडण्याची सोय आहे. शस्त्रक्रिया सामान्य माणसाच्या आवाक्यात आणणे ही मोठी कमाई होय, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की शस्त्रक्रियेच्या संख्येबरोबर शस्त्रक्रियेतील राखणही वाढली काय?

मूत्रपिंड कसे दुखावते

हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा हिस्सा दोन मुठीएवढ्या या अवयवांकडे जातो. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात आणि त्यातला दीडएक लिटर सोडून बाकी सर्व शरीराला परत करतात. एवढ्या कामाला एवढे रक्त लागते. म्हणूनच रक्ताचा ओघ आटला की पहिला तडाखा बहुधा मूत्रपिंडाला बसतो. शस्त्रक्रियेच्या काळात हा ओघ आटण्याची कारणे एकावर एक साठत जातात. रोगी आदल्या रात्रीपासून उपाशी-तहानलेला असतो. भुलीमुळे रक्तदाब खाली येतो. रक्तस्राव होतो. जंतुसंसर्ग असेल तर तो वेगळाच. त्यावर वेदनाशामकाचे इंजेक्शन आणि जेंटामायसिन वा अमिकासिनसारखे मूत्रपिंडाला जड जाणारे प्रतिजैविक. यातले एकेक कारण निरोगी मूत्रपिंड सोसून नेते. चार कारणे एकत्र आली म्हणजे त्याचा इलाज चालत नाही.

वेदनाशामकांची गोष्ट थोडी उलगडून सांगितली पाहिजे. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंड स्वतःच्या बचावासाठी काही रसायने निर्माण करते आणि आत येणारी रक्तवाहिनी उघडी ठेवते. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन इत्यादी गोळ्या नेमकी हीच रसायने बंद करतात. तहानलेल्या शरीराला त्या देणे म्हणजे दुष्काळात पाटाचे दार लावून घेण्यासारखे आहे. एरवी साधी वाटणारी गोळी त्या दिवशी साधी राहत नाही.

इजा ओळखण्याची साधने मात्र अगदी साधी आहेत. केडिगो या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली ठरविलेल्या व्याख्येनुसार रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मिलिग्रॅमने, अथवा सात दिवसांत मूळच्या दीडपट वाढले, किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण शरीराच्या दर किलो वजनामागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून खाली राहिले, तर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली असे समजावे. साठ किलोच्या माणसाला हे माप ताशी तीस मिलिलिटर होते. त्यासाठी यंत्र लागत नाही. आकडे छापलेली लघवीची पिशवी, घड्याळ, कागद आणि ते तिन्ही पाहणारी एक परिचारिका एवढे पुरते. क्रिएटिनिनचे मात्र असे, की मूळचा आकडा ठाऊक नसेल तर नंतरचा आकडा अर्धवटच बोलतो. शिवाय हा आकडा उशिरा वाढतो; मूत्रपिंडाची बरीच शक्ती गेल्यावर तो हलू लागतो. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी एक तपासणी आणि नंतर निदान एक तपासणी, ही या सर्व राखणीची पहिली पायरी आहे.

शस्त्रक्रिया टेबलावर संपत नाही, हे समाजवादी चळवळीला कोणी नव्याने सांगावे लागू नये. १९६७ च्या सप्टेंबरअखेर दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात डॉ. राममनोहर लोहिया यांच्यावर प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. नंतरच्या गुंतागुंतीत १२ ऑक्टोबरला, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी, ते गेले. ते रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. राजधानीत, देशभराचे डोळे लागलेले असताना, संसदेच्या एका सदस्यावर जे दिवस ओढवले, ते दिवस आडगावच्या रोग्याला किती निसरडे असतील याची कल्पना त्यावरून यावी.

औषध शोधण्यात गेलेली वर्षे

मूत्रपिंड वाचवील असे एखादे औषध सापडावे म्हणून वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ धडपड केली. डोपामिन हे औषध सलाइनमधून थेंबाथेंबाने दिले की मूत्रपिंड सुरक्षित राहते, अशी समजूत जगभरच्या अतिदक्षता विभागांत कित्येक वर्षे रूढ होती. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या चाचणीने तिला आधार नसल्याचे दाखविले. लघवी वाढविणारी फ्रुसेमाइडसारखी औषधे पिशवी भरतात, परंतु मूत्रपिंड राखत नाहीत. पिष्टापासून केलेले महागडे द्रव रक्तदाब टिकविण्यासाठी सर्रास वापरले जात. २०१२ च्या मोठ्या चाचण्यांत उलट त्यांच्यामुळेच डायलिसिसची गरज वाढत असल्याचे आढळले. अलीकडे, २०२४ साली, हृदयशस्त्रक्रियेच्या रोग्यांना अमिनो आम्ले दिल्याने इजा काही अंशी कमी झाल्याचे दिसून आले आहे. अपवाद म्हणून त्याचे स्वागतच केले पाहिजे.

याउलट ज्यात कोणाची मक्तेदारी नाही असे उपाय कामी आले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे तीन हजार रोग्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत द्रव हात राखून दिलेल्या रोग्यांपैकी ८.६ टक्क्यांना मूत्रपिंडाची इजा झाली. पुरेसे द्रव मिळालेल्यांत हेच प्रमाण ५ टक्के होते. जर्मनीत २०१७ साली हृदयशस्त्रक्रियेच्या जोखमीच्या रोग्यांबाबत एक प्रयोग झाला. त्यात नवे औषध कोणतेच नव्हते. रक्तदाब आणि शरीरातील पाणी सांभाळणे, मूत्रपिंडाला घातक औषधे टाळणे, साखर आटोक्यात ठेवणे, एवढेच नियम काटेकोरपणे पाळले गेले. इजेचे प्रमाण ७२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आले.

उपवासाचीही तीच कथा. भूल देण्यापूर्वी सहा तास जेवण नको हे खरे. परंतु स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत प्यायला हरकत नाही, असे भूलशास्त्राच्या संस्था कित्येक वर्षे सांगत आहेत. तरीही 'रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नको' हा हुकूम अनेक वॉर्डांत अढळ आहे. सकाळी नवाची शस्त्रक्रिया दुपारी दोनवर गेली की रोगी चौदा तासांचा कोरडा झालेला असतो. त्याला पाणी पाजण्यास एक पैसाही लागत नाही. लागते ती इतकीच, की यादीतल्या क्रमांकाचे भान ठेवणारे कोणीतरी वॉर्डात हवे.

निष्कर्ष स्पष्ट आहे. शस्त्रक्रियेत मूत्रपिंड राखणे हे प्रामुख्याने औषधाचे काम नसून शिस्तीचे, मोजमापाचे आणि मनुष्यबळाचे काम आहे. ते स्वस्त आहे. आणि बहुधा स्वस्त असल्यामुळेच त्याला वाली नाही. ज्या वस्तूच्या विक्रीत नफा नाही तिचा प्रचार बाजार करीत नाही, आणि ज्या कामाचे उद्घाटन होत नाही त्याकडे सरकार वळत नाही.

टेबलावर येणारे शरीर

आता या दोन जिल्ह्यांकडे पाहू. पावसाळा सरला की बीडसारख्या दुष्काळी भागांतून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात उतरतात. सांगली जिल्ह्यातील जत तालुकाही दरसाल आपली माणसे कोयता घेऊन बाहेर पाठवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा हा हिशेब. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने फडात राबून ती फेडायची. एक दिवस चुकला की खाडा, खाड्याचा दंड. पहाटे अंधारात तोडणी सुरू होते आणि उन्हाच्या कडाक्यातही मोळ्या डोक्यावरून गाडीत चढवाव्या लागतात. हंगाम लांबला तर मार्च-एप्रिलचे ऊनही याच अंगांवर पडते. फडात पिण्याच्या पाण्याची खात्री नाही. शौचालयाचे तर नावच नको. म्हणून बायका दिवसभर पाणीच कमी पितात. लघवी तुंबवून धरायची, त्यातून जंतुसंसर्ग, त्यातून ताप; आणि अंग मोडून आले की दुकानातली वेदनाशामक गोळी, कारण दवाखान्याला जाणे म्हणजे खाडा.

उन्हातल्या कष्टाने मूत्रपिंड झिजते, ही कविकल्पना नव्हे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोडणी कामगार ऐन तारुण्यात मूत्रपिंडाच्या विकाराने दगावू लागले. २००२ साली एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी तो विषय वैद्यकीय जगापुढे मांडला. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंड निकामी. उन्हातला अतिकष्ट आणि वारंवार कोरडे पडणारे शरीर याकडे संशोधकांचे बोट वळले. तेथे पाणी, विश्रांती आणि सावली या त्रिसूत्रीचा कार्यक्रम काही कारखान्यांनी राबविला, आणि जेथे तो मनापासून राबविला गेला तेथे मूत्रपिंडाच्या इजेचे प्रमाण घटले. कृष्णाकाठचा ऊस काही निराळ्या उन्हात उभा नाही, आणि तो तोडणारे शरीरही निराळ्या मातीचे नाही.

हेच शरीर जेव्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते तेव्हा ते काय घेऊन येते? महिनोन्महिने अर्धवट तहानलेले मूत्रपिंड, वारंवारचा जंतुसंसर्ग, वेदनाशामकांची सवय आणि रक्तक्षय. केसपेपरवर वय लिहिलेले असते तीस. मूत्रपिंडाचे वय कोणी लिहीत नाही. या रोग्याला पुन्हा बारा-चौदा तास कोरडे ठेवून, रक्ताची तपासणी न करता भूल दिली, तर जे होईल त्याला दैव म्हणणे हा दैवावर अन्याय आहे.

ऊसतोडणी कामगारांतील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न येथेच येतो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या कामातून बीड जिल्ह्याचे चित्र उजेडात आले. सुमारे ८२ हजार ऊसतोडणी महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरामागे सोळा-सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत हे देशाचे प्रमाण शंभरामागे तीनच्या आसपास होते. पाळीच्या दिवसांतला खाडा टळावा, फडात हाल नकोत, पांढरे जाण्याचा त्रास एकदाचा संपावा, या हिशेबाने ही शस्त्रक्रिया पत्करली गेली, यावर बरेच लिहून आले आहे. परंतु त्यातली मूत्रपिंडाची बाजू फारशी कोणी मांडली नाही.

मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या रक्तवाहिनीच्या अगदी खालून, गर्भाशयाच्या मुखापासून दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. रक्तवाहिनी बांधताना मूत्रवाहिनी चुकून बांधली किंवा कापली जाणे, हा या शस्त्रक्रियेतला सर्व जगाला ठाऊक असलेला धोका आहे. निष्णात हातांतूनही तो कधीमधी घडतो. वेळीच ध्यानात आला तर दुरुस्त करता येतो. ध्यानात आला नाही तर त्या बाजूचे मूत्रपिंड तुंबून हळूहळू मरते. आणि दुसरे मूत्रपिंड काम ओढून नेत असल्यामुळे रक्ताच्या तपासणीतही ते लगेच उमटत नाही. बाईला कुशीत दुखते. ती म्हणते, मोळ्या उचलल्याने दुखते; घरचे म्हणतात, टाक्यांचे दुखते. टाके पडल्यावर महिना-दीड महिन्यात ती पुन्हा फडावर जाते. तपासणीला परत बोलावण्याची व्यवस्था नसेल, आणि बोलावले तरी खाडा करून येण्याची ऐपत नसेल, तर ही इजा कोणाच्या दप्तरात नोंदली जाणार?

आणि येथेच हिशेबाचा खरा गुंता आहे. घाम गळतो सांगली-साताऱ्यात, शस्त्रक्रिया होते बीडला, आणि दहा वर्षांनी डायलिसिसची वेळ आली तर ती आणखी तिसऱ्या शहरात. कारखान्याच्या ताळेबंदात या मूत्रपिंडाची नोंद नाही. जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या तक्त्यात ती बाई परजिल्ह्यातली. शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाच्या लेखी ती सुखरूप घरी गेलेली. अर्थशास्त्रात अशा खर्चाला बाह्य खर्च म्हणतात: उत्पादकाने न भरलेला, म्हणून वस्तूच्या किमतीत न दिसणारा. साखरेच्या किमतीत तो दिसत नाही, कारण तो एका बाईच्या कुशीत भरून ठेवलेला असतो.

स्थानिक रोग्यांची कहाणी तपशिलात वेगळी, मुद्द्यात तीच. माण-खटावचा सत्तरीचा शेतकरी खुब्याचे हाड मोडून येतो. त्याला मधुमेह असतो, रक्तदाबाची गोळी असते आणि गुडघ्यासाठी कित्येक वर्षे चाललेली दुसरी एक गोळी असते. या तिसऱ्या गोळीविषयी तो आपणहून सांगत नाही, कारण ती औषध आहे असे त्याला वाटतच नाही. विचारणाऱ्याला मात्र दोन मिनिटे हवीत.

पैसा कोणत्या वाटेने जातो

महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेली जनआरोग्य योजना गरीब रोग्याला मोठा आधार ठरली, हे मान्यच केले पाहिजे. तिची रचना मात्र नीट पाहिली पाहिजे. अमुक शस्त्रक्रियेला अमुक रक्कम, डायलिसिसला अमुक रक्कम, मूत्रपिंड रोपणाला अमुक रक्कम. घडलेल्या कृतीला पैसे मिळतात. टळलेल्या आपत्तीला मिळत नाहीत. ज्या वॉर्डातल्या परिचारिकेने रात्रभर पिशव्या पाहून दोन रोग्यांचे मूत्रपिंड वाचविले, त्या वॉर्डाच्या खात्यावर त्या रात्री काहीच जमा होत नाही. ज्या रोग्याचे मूत्रपिंड गेले, त्याच्या नावावर मात्र पुढे आठवड्याला तीन डायलिसिस, म्हणजे वर्षाला सुमारे दीडशे फेऱ्या, प्रत्येक फेरी चार तासांची. त्या फेऱ्यांचा पैसा सरकार देईल; पण दीडशे दिवसांची रोग्याची मजुरी, बरोबर येणाऱ्याची मजुरी आणि एस.टी.चे भाडे कोण देणार?

डायलिसिसचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेत जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे निकामी झाली. १९७५ च्या नोव्हेंबरात सुटका झाल्यावर ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आले आणि डायलिसिसच्या आधाराने १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत जगले. त्या जवळपास चार वर्षांत देशाचे राजकारण बदलले. यंत्राने दिलेल्या आयुष्याची किंमत यापेक्षा निराळी सांगायला नको. परंतु जयप्रकाशांच्या यंत्रासाठी लोकांनी आपणहून वर्गणी दिली. कोयत्याच्या बाईसाठी वर्गणी निघत नाही. तिच्यासाठी राखण हाच इलाज आहे, आणि ती राखण हक्काने मिळाली पाहिजे.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला आक्षेप डॉक्टरांचा. तातडीच्या शस्त्रक्रियेत जीव वाचवायचा की तपासण्या करीत बसायचे? आक्षेप रास्त आहे. फुटलेल्या आतड्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला थांबविता येत नाही. पण तातडीतही रक्त काढलेच जाते, सलाइन लावलेच जाते. त्याच रक्तात क्रिएटिनिन पाहणे आणि नंतर लघवी मोजणे यात घटकाही वाया जात नाही. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. रात्रपाळीला एका परिचारिकेवर अख्खा वॉर्ड असतो, ती तासातासाला किती पिशव्या पाहणार? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो उत्तर म्हणून चालणार नाही. तो तर मूळ तक्रारीचाच पुरावा आहे. तिसरा आक्षेप असा, की हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत. वस्तुस्थिती अशी, की श्रीमंत देशही येथे कमी पडले. ब्रिटनमध्ये २००९ च्या एका राष्ट्रीय चौकशीत, मूत्रपिंडाच्या तीव्र इजेनंतर रुग्णालयात दगावलेल्या रोग्यांपैकी केवळ निम्म्यांनाच चांगली शुश्रूषा मिळाली होती, असे आढळले. २०१३ साली मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ पर्यंत या इजेने होणारे टाळण्याजोगे मृत्यू शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला. २०२५ सरले, संकल्प अजून उरलाच आहे. उणीव यंत्रांची असती तर श्रीमंत देशांनी ती केव्हाच भरून काढली असती. उणीव लक्ष देण्याची आहे, आणि लक्ष देणे ही श्रीमंतांची मिरास नव्हे.

काय व्हावे

मागण्या फार नाहीत. ठरवून होणाऱ्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी क्रिएटिनिनची तपासणी आणि चालू गोळ्यांची विचारपूस झाली पाहिजे, आणि तो आकडा रोग्याच्या हाती कागदावर लिहून दिला पाहिजे. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालते, ही पाटी प्रत्येक वॉर्डात मराठीत लागली पाहिजे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर लघवीचे माप आणि ४८ तासांच्या आत पुन्हा क्रिएटिनिन, हे योजनेच्या देयकासाठी आवश्यक कागद ठरविले, तर रुग्णालये ते आपोआप करू लागतील; कारण ज्याच्यावाचून बिल अडते ते काम होते, हा आपल्या कारभाराचा अनुभव आहे. गर्भाशय काढलेल्या स्त्रीला कुशीत दुखत असेल तर तिची सोनोग्राफी विनामूल्य व विनाविलंब झाली पाहिजे. ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली त्यांची तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली पाहिजे, मग ते तेव्हा कोणत्याही जिल्ह्यात असोत. आणि परिचारिकांची रिकामी पदे भरल्यावाचून यातले काहीही टिकणार नाही.

दुसरा अर्धा भाग फडातला आहे. पाणी, सावली, विश्रांती आणि बायकांसाठी आडोशाचे शौचालय ही कारखान्याची जबाबदारी ठरली पाहिजे. मुकादमाकडे बोट दाखवून ती झटकता येऊ नये. ऊसतोडणी कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, आणि त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे धोरण शासनाने ठरविले आहे. त्या पैशातून हंगामाच्या आरंभी आणि अखेरीस प्रत्येक कोयत्याच्या दोघांचेही रक्त आणि लघवी तपासता येईल. उपचारासाठी लागलेला दिवस खाडा धरू नये, एवढा एक नियम झाला तरी वेदनाशामकांच्या निम्म्या गोळ्या दुकानातच राहतील.

साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचे नाव आहे आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयाला वसंतदादा पाटलांचे. एकाने परकी सत्ता असतानाच याच मुलखात लोकांचे प्रतिसरकार चालवून दाखविले. दुसऱ्याने शेतकऱ्यांच्या भांडवलावर साखर कारखाना उभा करून दाखविला. या भागाने कधीकाळी याहून फार अवघड गोष्टी करून दाखविल्या आहेत. रात्री दोन वाजता वॉर्डात दिवा लावून एका मजूर बाईच्या पिशवीतले तीस मिलिलिटर मोजणे आणि ते कागदावर मांडणे, ही त्यामानाने सोपी गोष्ट आहे. ती होत नसेल, तर दारावरची नावे पुसून टाकणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.